तुकारामांना विमानात बसवून जिजाईला घरीच ठेवणारा पुण्याचा माणूस : विष्णुपंत दामले

तुंबाड आठवतोय ना?

ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा बेताचाच चालला. सहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा थेटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा करून गेला. त्याच वर्षी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेल्या पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ने कानमध्ये ग्राँ प्री जिंकलं. त्या सिनेमात शेवटाकडे कोकणच्या किनाऱ्यावर बुडता बुडता वाचलेला एक अनोळखी माणूस नायिकेशी तिचा दूर गेलेला नवरा असल्यासारखा बोलायला लागतो. हे खरंच घडतंय की तिच्या मनात चाललंय, ते सिनेमा सांगत नाही.

असं काही आलं की सोशल मीडियावर एक वाक्य हमखास वाचायला मिळतं. असले विचित्र, स्वप्नासारखे सिनेमे आपल्याकडे कधी बनतच नव्हते, हे सगळं बाहेरून आलं.

आता जरा मागे जाऊ. साल १९३६. पुण्यात, लॉ कॉलेजच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका स्टुडिओत असा सिनेमा तयार झाला की ज्यात नदीत बुडवलेल्या वह्या परत वर येतात, सैनिकांना एकाऐवजी अनेक शिवाजी महाराज दिसायला लागतात आणि शेवटी एक भलंमोठं पक्ष्यासारखं विमान देहू गावावरून आभाळात जातं.

हा सिनेमा मुंबईच्या सेंट्रल सिनेमात सलग ५७ आठवडे चालला.

सिनेमाचं नाव ‘संत तुकाराम’. दिग्दर्शक दोन, दामले आणि फत्तेलाल. प्रभातचं नाव निघालं की बहुतेकांना व्ही. शांताराम आठवतात. पण प्रभातचा सगळ्यात गाजलेला सिनेमा शांतारामांनी दिग्दर्शित केलेला नाही. तो केलाय या दोघांनी. त्यातल्या विष्णुपंत दामल्यांची ही गोष्ट.

पेणचा मुलगा कोल्हापुरात पडदे रंगवायला लागला

विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा. गाव पेण, आताचा रायगड जिल्हा. हाताला चित्रकलेचं वळण होतं आणि यंत्रांचं वेड होतं. या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली शिकायला मिळतील अशी जागा त्या काळात महाराष्ट्रात फार नव्हती. एक होती, ती कोल्हापुरात.

तिथे आनंदराव आणि बाबुराव मिस्त्री हे दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, नदीकाठ, देवळाचा सभामंडप असं सगळं कापडावर उभं करायचं, आणि ते सुद्धा असं की मागच्या रांगेतल्या माणसाला खोली भासली पाहिजे. लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं.

विष्णुपंत या पेंटर बंधूंकडे आले. पुढे त्यांच्या जोडीला आयुष्यभर राहिलेले शेख फत्तेलाल सुद्धा याच गोतावळ्यातले. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणायचे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि पडदे रंगवणाऱ्या पेंटर बंधूंना कळलं की आता पडद्यावरचं चित्र हलणार आहे. त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. अडचण एकच, कॅमेरा नव्हता. परदेशातून मागवायचा तर पैसा नाही, शिवाय पहिल्या महायुद्धाचा काळ.

मग त्यांनी कॅमेरा घरीच बनवायचं ठरवलं.

१९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. तरी बाबुरावांनी हात थांबवला नाही. कॅमेऱ्याच्या त्या खटाटोपात बाबुरावांच्या सोबत होते विष्णुपंत. कॅमेरा म्हणजे काय, तर फिल्मची पट्टी एका वेळी एकच चौकट पुढे सरकली पाहिजे, क्षणभर थांबली पाहिजे, त्या क्षणात झडप उघडून प्रकाश आत आला पाहिजे आणि पट्टी पुन्हा सरकताना झडप बंद पाहिजे. हे सेकंदाला सोळा-अठरा वेळा, न चुकता. दात्यांची चाकं जरा इकडेतिकडे झाली की चित्र थरथरतं.

हे काम स्वतःच्या हाताने केलेल्या माणसाला पुढे कॅमेऱ्याची भीती वाटत नाही. चमत्कार दाखवायचा म्हटलं की दुसऱ्यांना देव आठवतो, या माणसाला दात्यांची चाकं आठवत असणार.

कीचकाचा वध आणि गुरूचं घर

१९१७ च्या अखेरीस बाबुरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पैशाला हातभार लावला गायिका तानीबाई कागलकर यांनी. कंपनीचा पहिला सिनेमा ‘सैरंध्री’. १९२० मध्ये तो पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात बायकांची कामं पुरुषांनी केली होती, ‘सैरंध्री’त ती बायकांनीच केली.

त्यात भीमाने कीचकाला मारायचा प्रसंग इतका खरा वाटला की बघणारे हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं, तेही याच सिनेमासाठी.

बाबुराव पेंटर हे त्या काळातलं सिनेमाचं गुरुकुल होतं. शांताराम तिथेच तयार झाले. दामले आणि फत्तेलाल तिथेच तयार झाले. बाबुरावांच्या घरात दोन गोष्टी एकत्र शिकवल्या जायच्या. एक, पुराणातला चमत्कार डोळ्यांना पटेल असा उभा करायचा. दोन, साधं माणूस साधंच दिसलं पाहिजे. १९२५ चा त्यांचा ‘सावकारी पाश’ कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. देवांचे सिनेमे जोरात चालत असताना त्यांनी हा विषय घेतला.

चमत्कार आणि सावकार, दोन्ही एकाच शाळेतले. ही गोष्ट लक्षात ठेवा, ‘संत तुकाराम’मध्ये ती पुन्हा भेटणार आहे.

१९२८ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी ‘महारथी कर्ण’ दिग्दर्शित केला. जोडीने केलेलं हे त्यांचं पहिलं दिग्दर्शन. त्यानंतर वर्षभरात त्यांनी गुरूचं घर सोडलं.

पाच भागीदार आणि एक तुतारी

१ जून १९२९. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच. शांताराम, दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफीच्या धंद्यातले सीतारामपंत कुलकर्णी. चौघांकडे कला आणि एकाकडे भांडवल असा हा हिशोब.

पाचही जणांनी कामं वाटून घेतली. शांताराम बहुतेक सिनेमे दिग्दर्शित करायचे. धायबरांकडे कॅमेरा. फत्तेलाल कलादिग्दर्शन बघायचे, म्हणजे सेट, कपडे, पडद्यावरचं सगळं जग. आणि विष्णुपंतांच्या वाट्याला आलं ते काम जे कोणाला दिसत नाही. तांत्रिक बाजू, स्टुडिओची व्यवस्था आणि पुढे आवाज.

आवाजाचं प्रकरण मोठं होतं.

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांचा जमाना एका झटक्यात जुना झाला. ज्या कंपन्यांना बोलपट जमला नाही त्या बसल्या. प्रभातला कंपनी काढून दोनच वर्षं झाली होती. हातात मूकपटाची यंत्रं, मूकपटाची सवय. इथे चुकलं असतं तर आपण आज प्रभात हे नाव फक्त रस्त्याचं म्हणून ओळखलं असतं.

विष्णुपंतांनी ध्वनिमुद्रण हाती घेतलं. त्यासाठी शिकवणीचे वर्ग वगैरे नव्हते. तेव्हा आवाज फिल्मच्याच पट्टीवर प्रकाशाच्या रेषेसारखा छापला जायचा. माईकला संवादही ऐकू यायचा, कॅमेऱ्याची घरघरही ऐकू यायची आणि बाहेरच्या झाडावरचा कावळाही. गाणं म्हणजे नट कॅमेऱ्यासमोर खरंच गाणार, वादक तिथेच कुठेतरी चौकटीच्या बाहेर बसणार. एकाचा सूर चुकला की सगळं परत.

फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रभातचा पहिला बोलपट आला, ‘अयोध्येचा राजा’. मराठीत आणि हिंदीत. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे मुख्य भूमिकेत. आवाजाच्या परीक्षेत कंपनी पास झाली.

त्याच वर्षीचा ‘माया मच्छिंद्र’ बघितला तर आजच्या विचित्र सिनेमावाल्यांनाही आपला कोणी पूर्वज भेटल्यासारखं वाटेल. शांतारामांनी दिग्दर्शित केलेल्या या सिनेमात मच्छिंद्रनाथ पुरुषांचा द्वेष करणाऱ्या राणीच्या राज्यात जाऊन संसारात रमतो. शिष्य गोरखनाथ त्याला सोडवायला जातो. शेवटी कळतं की गुरू कुठे गेलाच नव्हता. जे बघितलं ती सगळी माया होती. सबंध सिनेमा पायाखालून काढून घेण्याचा हा डाव १९३२ मधला आहे.

कोल्हापुरातून पुण्याला

१९३३ मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडलं आणि पुण्यात बस्तान बसवलं. मुंबईच्या बाजाराला जवळ, जागा मोकळी. एरंडवण्याच्या बाजूला तेव्हा माळ आणि शेतं होती. तिथे मोठमोठी शूटिंगची दालनं, रासायनिक प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या, पाण्याच्या दृश्यांसाठी तलाव असं सगळं उभं राहिलं. आजचा प्रभात रोड हे नाव याच कंपनीवरून आलं.

म्हणजे सिनेमा लिहिण्यापासून त्याची रिळं धुऊन बाहेर काढण्यापर्यंत सगळं एकाच आवारात. नट, लेखक, वादक, सुतार, रंगारी सगळे पगारावर. चमत्कार दाखवायचा असेल तर याचा फायदा फार असतो. आज घेतलेलं दृश्य धुऊन बघता येतं आणि फसलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतं.

पुण्यातला पहिला सिनेमा ‘अमृतमंथन’ १९३४ मध्ये आला. चंद्रमोहनच्या डोळ्याचा पडदाभर दिसणारा तो प्रचंड क्लोजअप आजही सिनेमाच्या वर्गात दाखवला जातो.

आणि मग दामले-फत्तेलाल जोडीने तुकाराम हाती घेतला.

ट्रिकचं गणित काय होतं?

आजच्या व्हीएफएक्सच्या काळात हे सांगायला हवं की १९३६ मध्ये चमत्कार कसे करायचे.

पहिली युक्ती, कॅमेरा थांबवायची. माणूस उभा आहे, कॅमेरा बंद केला, माणूस बाजूला झाला, कॅमेरा पुन्हा सुरू. पडद्यावर माणूस गायब.

दुसरी, एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायची. भिंगाचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचा आणि उरलेल्या भागात नटाला उभं करून चित्र घ्यायचं. मग फिल्म जिथून सुरू केली तिथपर्यंत मागे गुंडाळायची, झाकलेला अर्धा भाग उघडायचा, उघडा भाग झाकायचा आणि तोच नट दुसऱ्या बाजूला उभा करायचा. एका चौकटीत एकाच माणसाची दोन रूपं. कॅमेरा मधल्या वेळात केसभर हलला तर मधे शिवण दिसते.

तिसरी, छोट्या प्रतिकृती. विमान, रथ, पर्वत असं काही लहान आकारात बनवायचं आणि कॅमेरा अशा कोनात ठेवायचा की ते अवाढव्य दिसेल.

या सगळ्याला दोन गोष्टी लागतात, चित्रकाराचा डोळा आणि यंत्रं कळणारा हात. प्रभातमध्ये पहिली गोष्ट मुबलक साहेबमामांकडे होती, दुसरी विष्णुपंतांकडे. दोघेही पेंटरांकडे पडदे रंगवत वाढलेले. एक चित्पावन ब्राह्मण, एक मुसलमान, आणि दोघं मिळून वारकरी संताचा सिनेमा करतात. कंपनीत याचं कोणाला अप्रूप वाटण्याचं कारण नव्हतं, कारण हे दोघे तोपर्यंत जवळजवळ वीस वर्षं शेजारी बसून काम करत होते.

पण ट्रिक तर त्या काळात सगळेच करायचे. पौराणिक सिनेमे ट्रिकांनी भरलेले असायचे. मग ‘संत तुकाराम’च का टिकला?

शेण, म्हैस आणि वैकुंठ

याचं उत्तर तुकारामात नाही, जिजाईत आहे.

या सिनेमातली तुकारामांची बायको रागावणारी, दमलेली, तोंडाने फटकळ बाई आहे. ती म्हशीला अंघोळ घालते. पोरं उपाशी असतात तेव्हा विठ्ठलालाच शिव्या घालते. मुलगा आजारी पडल्यावर तर ती देवळात चप्पल उगारून देवाला जाब विचारायला जाते. भूमिका केली गौरी नावाच्या बाईने. ती प्रभातच्याच आवारात पडेल ते काम करणारी, नटी म्हणून नाव नसलेली. कॅमेऱ्यासमोर ती वावरते तेव्हा अभिनय चाललाय असं वाटतच नाही.

तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. एकेकाळी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे, पुढे संगीताकडे वळलेले. ते स्वतःच गायले. संगीत केशवराव भोळ्यांचं, पटकथा शिवराम वाशीकरांची. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी एक अभंग नव्याने लिहिला, तो इतका बेमालूम जमला की पुढे अनेकांनी तो तुकोबांच्याच गाथेतला समजला.

आता बघा, सिनेमात चमत्कार कसे येतात.

सालोमालो हा तुकोबांचे अभंग स्वतःचे म्हणून खपवतो. त्याच्या कारस्थानामुळे प्रकरण रामेश्वरशास्त्रींपर्यंत जातं आणि तुकोबांना वह्या इंद्रायणीत बुडवायला लागतात. तुकोबा काठावर बसून राहतात. वह्या परत येतात. शिवाजी महाराज नजराणा पाठवतात, घरातली पोरं ते भारी कपडे घालून हरखून जातात आणि तुकोबा सगळं परत करायला लावतात. जिजाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ते कुठल्याही घरातल्या बाईला ओळखू येईल. तिच्या दृष्टीने घरात आलेलं धान्य परत चाललंय.

म्हणजे प्रत्येक चमत्काराच्या शेजारी दिग्दर्शकांनी एक रिकामं डबडं ठेवलंय.

देव प्रकट झाला म्हणून सिनेमा थबकत नाही, ढोल वाजवून आपल्याला दिपवत नाही. चमत्कार होतो, आणि लगेच कोणीतरी म्हशीला चारा घालायला जातं. त्यामुळे बघणाऱ्याला प्रश्नच पडत नाही की हे खरं की खोटं. ज्या जगात भाकरी इतकी खरी आहे, त्या जगात विमानही खरं असणार.

‘सावकारी पाश’ आणि ‘सैरंध्री’ एकाच घरात शिकलेल्या माणसांनाच हे जमू शकतं.

आणि तो शेवट

तुकोबांना न्यायला वैकुंठातून विमान येतं. गरुडासारखं, पंख पसरलेलं. आज बघताना ते खोटं आहे हे कळतं, पण हसू येत नाही.

तुकोबा जिजाईला सोबत बोलावतात. ती जात नाही. असल्या गोष्टी तिने आयुष्यभर ऐकलेल्या असतात. घर आहे, पोरं आहेत, चूल आहे. ती मागे राहते आणि विमान वर जातं.

आता विचार करा. १९३६ मध्ये भक्तिपटाचा शेवट करायचाय. प्रेक्षक हात जोडून बसलेले आहेत. सोपा मार्ग काय होता? जिजाईला शेवटी पश्चात्ताप होतो, ती पाया पडते, तीही विमानात बसते. टाळ्या. पण दामले-फत्तेलाल यांनी तसं केलं नाही. त्यांनी वैकुंठाएवढंच वजन मागे राहिलेल्या बाईला दिलं. ती चुकली असं सिनेमा म्हणत नाही. तुकोबा चुकले असंही म्हणत नाही.

सिनेमा १२ डिसेंबर १९३६ ला मुंबईत लागला आणि वर्षभराहून जास्त हलला नाही. गावोगावहून माणसं आली. पागनीसांचा चेहरा लोकांच्या मनात इतका बसला की पुढे कित्येक घरांत तुकाराम महाराजांचं चित्र म्हणून पागनीसांसारखाच चेहरा भिंतीवर लागला. १९३७ मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गेला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात गौरव झालेला पहिला भारतीय सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. इंद्रायणीचं पाणी कधी न बघितलेल्या लोकांनाही तो कळला.

रेडा, भिंत आणि दोन सखू

पुढची पाच वर्षं या जोडीने हाच धागा ओढला.

१९३८ मध्ये ‘गोपाळकृष्ण’ आला. बाळकृष्णाच्या भूमिकेत राम मराठे, तेच जे पुढे पंडित राम मराठे म्हणून गाजले. राधा झाली शांता आपटे.

१९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’. शाहू मोडक ज्ञानेश्वर झाले. इथे ट्रिकांची परीक्षा आणखी कठीण होती. रेड्याच्या तोंडून वेद, चालणारी भिंत, वाघावर बसून येणारे चांगदेव. हे प्रसंग मराठी घरातल्या प्रत्येक पोराने आजीकडून ऐकलेले असतात आणि प्रत्येकाच्या मनात त्यांचं चित्र आधीच तयार असतं. त्या चित्राच्या तोडीचं पडद्यावर दाखवायचं होतं.

१९४१ मध्ये ‘संत सखू’. दिग्दर्शनात राजा नेनेही होते, सखू झाल्या हंसा वाडकर. सखू पंढरीला जाते आणि तिच्या जागी विठ्ठल सखूचं रूप घेऊन सासरची कामं करतो. एकाच चेहऱ्याची दोन माणसं. परदेशी सिनेमात असं दिसलं की आपण त्याला डॉपलगँगर म्हणतो आणि मोठे मोठे व्हिडिओ बनवतो. इथे त्या दुसऱ्या चेहऱ्याची भीती वाटत नाही. तो भांडी घासतो, पाणी भरतो. छळ सोसणाऱ्या सुनेला चार दिवस सुट्टी मिळावी म्हणून देवाने केलेली ही बदली आहे.

मोडलेली मोट

प्रभातमधून धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामही गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल काढलं. पाच जणांनी बांधलेली मोट सुटली.

विष्णुपंत मागे राहिले. ज्याच्याकडे स्टुडिओची व्यवस्था असते तो असा उठून जाऊ शकत नाही. यंत्रं, प्रयोगशाळा, पगारावरची माणसं, सगळं तिथेच होतं. पण तब्येत साथ देत नव्हती. ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंत दामले गेले. वय अवघं ५२.

त्यानंतर प्रभात फार काळ उभी राहिली नाही. १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंदला पहिली संधी इथेच मिळाली, गुरुदत्तही याच आवारात कामाला होते. पण पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीला कुलूप लागलं.

१९६० मध्ये सरकारने त्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. आज आपण तिला एफटीआयआय म्हणतो. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच सुरू झालं.

इथे गोष्टीला एक वळण मिळतं. ज्या आवारात दामल्यांनी विमान उडवलं, त्याच आवारात शिकून कमल स्वरूपने १९८८ मध्ये ‘ओम दर-ब-दर’ केला. बेडूक, हिरे, ज्योतिष, जाहिराती यांची खिचडी असलेला हा सिनेमा थेटरात लागायला २०१४ उजाडलं. पायल कपाडिया त्याच आवारातल्या. प्रभातची जुनी शूटिंगची दालनं विद्यार्थी वापरत आले आहेत. म्हणजे भारतातल्या अतरंगी सिनेमाचा एक मोठा पत्ता गेली नव्वद वर्षं बदललेला नाही.

यात आपलं काय गेलं?

बरंच गेलंय.

जुन्या फिल्म नायट्रेटवर असायच्या. नायट्रेट म्हणजे जवळजवळ स्फोटकच, एकदा पेटलं की विझवणं अवघड. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातल्या साठवणीच्या जागेला आग लागली आणि संग्रहालयाची शेकडो जुनी रिळं जळाली. त्यात प्रभातच्या सिनेमांची मूळ रिळंही होती. ‘संत तुकाराम’च्या प्रती वाचलेल्या आहेत म्हणून तो आज आपल्याला बघता येतो. मूकपटांच्या बाबतीत तेवढंही नशीब नाही. बाबुराव पेंटरांचा ‘सैरंध्री’, ज्याच्या कीचकवधाने लोक हादरले, तो आज बघता येत नाही.

दुसरं नुकसान नावाचं. कंपनी म्हटलं की एकच चेहरा लक्षात ठेवायची आपल्याला सवय आहे. शांतारामांचं मोठेपण कोणी नाकारत नाही. पण आवाज कोणी टिपला, प्रयोगशाळा कोणी चालवली, कॅमेऱ्याचे दाते कोणी घासले हे विचारायची सवय आपल्याला लागलीच नाही. विष्णुपंत भाषणांनी गाजले नाहीत.

तिसरी गोष्ट आजच्या सिनेमावाल्यांच्या कामाची. विचित्र सिनेमा करायचा म्हटलं की सगळंच विचित्र करायचा मोह होतो. धुकं, निळा प्रकाश, न कळणारे संवाद. दामल्यांचा हिशोब उलटा होता. आधी घर खरं करा, चूल खरी करा, नवऱ्यावर चिडलेली बायको खरी करा. मग त्यात एकच अशक्य गोष्ट सोडा. तुंबाड जेव्हा जमतो तेव्हा तो असाच जमतो. त्यातला राक्षस लक्षात राहतो, पण त्याच्यासाठी मळलेली कणकेची बाहुली जास्त लक्षात राहते.

‘संत तुकाराम’ इंटरनेटवर शोधला तर सापडतो. सव्वादोन तासांच्या आत बघून होतो. सुरुवातीची दहा मिनिटं जुनाट वाटेल, फिल्मवर ओरखडे दिसतील, आवाज खरखरेल. तरी बसून राहा. विमान वर जाईल तेव्हा त्याच्याकडे जरूर बघा, आणि मग खाली दारात उभ्या राहिलेल्या जिजाईकडेही बघा. विष्णुपंतांनी ती जागा मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवली आहे.